धडा वाचला, उत्तरही लिहिलं. पण कळलं का?

खालची दोन वाक्यं वाचा.

"चिंब्या टुकात लपळला. त्याने तिथे दोन गिरभे मुरकले."

आता प्रश्न. चिंब्या कुठे लपळला? टुकात. त्याने किती गिरभे मुरकले? दोन. गिरभे कोणी मुरकले? चिंब्याने. तीनपैकी तीन गुण! आणि या वाक्यांना अर्थच नाही. चिंब्या, टुक, गिरभे हे सगळे शब्द मी आत्ता बनवले आहेत.

उत्तरं बरोबर आली ती मराठीच्या प्रत्ययांमुळे. 'टुकात' मधला 'त' जागा दाखवतो, 'त्याने' मधला 'ने' करणारा दाखवतो, 'मुरकले' हे रूप 'गिरभे'शी जुळतं. मराठी घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला हे व्याकरण कोणी न शिकवताच आलेलं असतं. म्हणून दुसरीतलं मूल प्रश्नातला शब्द धड्यात शोधतं, त्या ओळीवर बोट ठेवतं आणि ओळ वहीत उतरवतं. बरोबरची खूण मिळते. घरी सगळ्यांना वाटतं, येतंय की याला. मग चौथी-पाचवीत गणिताची शाब्दिक उदाहरणं येतात, परिसर अभ्यासाचे लांब परिच्छेद येतात, उत्तर एका ओळीत आयतं सापडेनासं होतं आणि 'अचानक मागे पडला' असं म्हटलं जातं. अचानक काहीच झालेलं नसतं.

वाचून समजणं आणि स्वतःचं वाक्य लिहिणं हे लहान मुलांसाठी दोन वेगळे विषय नाहीत. दोन्ही बोलण्यातून उगवतात आणि एकाचा सराव दुसऱ्याला बळ देतो. आपल्याकडे मात्र दोन्हीची जागा उतरवून काढण्याने घेतली आहे. ती परत कशी मिळवायची, हे घरी आणि वर्गात करता येईल अशा गोष्टींमधून पाहू.

वाचन म्हणजे गुणाकार

1986 मध्ये फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजण्यासाठी दोन गोष्टी लागतात: लिपी उलगडता येणं, म्हणजे छापलेल्या खुणांवरून शब्द ओळखणं, आणि ती भाषा ऐकून समजणं. या दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येतं.

या सूत्रातून आपल्या आजूबाजूचं बरंच काही उलगडतं. इंग्रजी माध्यमात पहिली-दुसरीत शिकणारं मूल पाहुण्यांसमोर इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचून दाखवतं, पण 'यात काय झालं?' असं विचारलं की गप्प होतं. लिपी आली आहे, पण ती भाषा कानावर पुरेशी पडलेलीच नाही. अमेरिकेत किंवा युरोपात वाढणाऱ्या मराठी मुलांचं बहुधा उलट असतं. आजीशी फोनवर मराठीत गप्पा होतात, गोष्ट ऐकून हसू येतं, पण देवनागरी पाहिली की गाडी अडते. या दोन मुलांना एकच उपाय देऊन चालणार नाही. पहिल्याला भरपूर ऐकायला-बोलायला हवं, दुसऱ्याला लिपीचा नेमका सराव हवा. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, तेव्हा दोन्ही बाजू एकदमच उभ्या करायच्या असतात. म्हणून त्याच्या शिक्षकाला वेळ द्यायला हवा आणि मुलाच्या भाषेला वर्गात जागाही.

'असर' या प्रथम संस्थेच्या शिक्षणविषयक ग्रामीण पाहणीत 2024 मध्ये देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे 49 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा गंभीर आहेच. पण ही चाचणी मोठ्याने वाचून दाखवण्याची असते, म्हणजे गुणाकारातली एकच बाजू त्यात मोजली जाते. वाचणाऱ्या निम्म्या मुलांपैकी किती जणांना अर्थ पोचला, हे त्यातून कळत नाही.

लिपीची बाजू: क ख ग घ पासूनच कशाला?

मराठी लिहायचं कसं, हे इंग्रजीच्या मानाने सरळ आहे. बहुतेक शब्द लिहिले तसे वाचता येतात. पण खुणा पुष्कळ आहेत. चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी धरली की चारशेच्या वर अक्षरं, आणि वर जोडाक्षरं. पहिली वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'र' तर कधी डोक्यावर चढतो, कधी पोटात शिरतो. कन्नडसारख्या अक्षरलिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं, की सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना एक-दोन वर्षं पुरत नाहीत, प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. त्यामुळे दुसरीतलं मूल जोडाक्षराशी अडखळलं, तर घाबरून जायचं कारण नाही.

मात्र सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि हे सारं संपल्यावर वाक्य, हा क्रम मला मुलांवर अन्याय करणारा वाटतो. वर्षभर अर्थाशिवाय घोकत बसायचं, हे त्यांनी का सोसावं? क, घ, र, ल, ब ही पाच व्यंजनं घ्या, 'आ' घ्या, काना आणि दुसरी वेलांटी घ्या. एवढ्यात हे होतं:

"काकी घरी आली. बकरी घरी आली का?"

ही गोष्टच आहे, आणि तिच्यावर खरा प्रश्नही विचारता येतो: घरी कोण नक्की आलंय? काकी. बकरीचं अजून ठाऊक नाही. प्रश्नचिन्हाने वाक्य कसं बदललं, हे मुलाला पहिल्या महिन्यात कळू शकतं. महाराष्ट्रात वाचन-लेखनावर काम करणाऱ्या अनेकांनी अक्षरांचे असे छोटे गट करून शिकवण्याची वाट धरली आहे, आणि ती योग्य आहे.

लिपी सहज उलगडण्याला मराठीत आणखी एका कारणाने महत्त्व आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'शेवंताने अंगणातल्या मिरच्या टोपलीत' इथपर्यंत वाचलं तरी तिने भरल्या, मोजल्या की सांडल्या, ते कळलेलं नसतं. जे मूल 'मि... र... च्या' करत एकेक अक्षर लावतं, ते 'भरल्या'पर्यंत पोचेतो शेवंताला विसरलेलं असतं. अशा वेळी 'लक्ष दे' म्हणून उपयोग नाही. तेच वाक्य पुन्हा वाचू द्यावं, मग तिसऱ्यांदा बोलल्यासारखं वाचू द्यावं. अर्थ बहुधा तिसऱ्या वाचनात लागतो.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं आहे. यातला 'समजून' हा शब्द जपायला हवा. शिवाय मराठीत 'घरासमोरच्या' हा एक शब्द आहे. विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं एकाच शब्दात. मोबाइलवर घड्याळ लावून शब्द मोजण्याआधी पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मिरच्या कोणी उचलल्या?

आता अर्थाची बाजू. हा परिच्छेद पाहा.

"सकाळी आईने अंगणात मिरच्या वाळत घातल्या आणि ती शेतावर गेली. दुपारी आभाळ भरून आलं. शेवंता पुस्तक टाकून अंगणात धावली. संध्याकाळी आई परत आली, तेव्हा मिरच्या टोपलीत होत्या. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला."

'आईने मिरच्या कुठे वाळत घातल्या?' हा चिंब्याच्या जातीचा प्रश्न आहे. उत्तर ओळीतच आहे. तो विचारू नये असं नाही, सुरुवातीला मुलाला धीर यायला बरा. पण तिथेच थांबायचं नाही. शेवंता का धावली? मिरच्या कोणी उचलल्या? त्या वेळी आई घरी होती का? आईने कोणाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि का? 'पाऊस' हा शब्द परिच्छेदात कुठेच नाही. 'शेवंताने मिरच्या उचलल्या' असंही कुठे लिहिलेलं नाही. आभाळ भरून आलं की पाऊस येतो, भिजलेली मिरची कुजते, आई शेतावर आहे, हे सगळं मुलाने स्वतःच्या डोक्यातून आणून ओळींच्या मधल्या जागेत बसवायचं आहे. समजणं म्हणतात ते हेच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सर्वनामांची. 'तिच्या डोक्यावरून' म्हणजे कोणाच्या? मोठ्यांना हा प्रश्नच वाटत नाही, पण मुलं इथे वारंवार चुकतात. मराठीत तर कर्ता गाळायचीही सोय आहे: 'घरी आली. हातपाय धुतले. जेवायला बसली.' कोण? मुलाला ते मनात धरून ठेवावं लागतं. वाचताना मधेच थांबून 'ही "ती" कोण रे?' एवढंच विचारण्याची सवय घरात लावली, तरी मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट माहितीची. ज्याने मिरच्या वाळत घातलेल्या कधी पाहिल्याच नाहीत, त्या मुलाला शेवंताची धावपळ कळणार नाही, मग तो कितीही सफाईने वाचो. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. बेसबॉल ठाऊक असलेल्या 'कच्च्या' वाचकांनी, तो खेळ फारसा ठाऊक नसलेल्या 'पक्क्या' वाचकांना समजण्यात मागे टाकलं. म्हणजे मुलाला बाजारात नेणं, भाजी निवडायला बसवणं, एसटी स्टँडवर पाट्या दाखवणं, विहीर, गिरणी, पोस्ट दाखवून त्याविषयी बोलणं, हेही वाचनाचंच शिक्षण आहे. आणि 'कच्चा' हा शिक्का मारण्याआधी मजकूर कशाबद्दल होता, हे पाहायला हवं.

मोठ्यांनी वाचून दाखवणं यासाठीच हवं, आणि मुलाला वाचता यायला लागल्यावरही ते थांबवू नये. पुस्तकातली भाषा बोलण्यातल्या भाषेहून वेगळी असते. 'तेवढ्यात', 'जरी-तरी', 'इतक्यात काय झालं', 'न बोलता तो निघाला' अशी वळणं स्वयंपाकघरात फार ऐकू येत नाहीत. ती कानात बसली की छापील वाक्य परकं वाटत नाही. पुस्तकं महाग असण्याची अडचण खरी आहे. पण प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात, आणि नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं बरीच स्वस्त असतात.

वाक्य आधी तोंडात, मग कागदावर

लिहिण्याकडे वळू. सहा वर्षांचं मूल एका वेळी पेन्सिल धरतं, अक्षराचा आकार आठवतं, वेलांटी कुठली ते ठरवतं, ओळ सांभाळतं. एवढ्यात सांगायचं काय होतं ते निसटतं. म्हणून सुरुवातीला मुलाने बोलावं आणि मोठ्याने लिहावं. मूल म्हणालं, "माझ्या मामाकडे म्हैस आहे. ती मला बघून फुस्स करते." तसंच लिहा, 'फुस्स'सकट. मग त्याच्याकडून वाचून घ्या. आपण बोललेलं कागदावर राहतं आणि पुन्हा वाचता येतं, हा शोध मुलाला जागचा उठवतो. 'फुस्स' हे अवघड जोडाक्षर त्याला आपोआप वाचता येतं, कारण ते त्याचं स्वतःचं आहे.

पुढची पायरी वाक्य वाढवण्याची. 'कुत्रा भुंकला' एवढ्यापासून सुरू करा आणि प्रश्न विचारत जा. कोणाचा कुत्रा? कधी? कोणावर? बघता बघता "सकाळी शेजारच्यांचा कुत्रा घंटागाडीवर भुंकला" असं वाक्य होतं. हे आधी तोंडीच करायचं, गप्पांसारखं. याच प्रश्नांनी मूल नंतर दुसऱ्याचं वाक्य उलगडतं. लांब वाक्य समोर आलं की त्यातला 'कोण', 'कधी', 'कोणावर' शोधतं. लिहिण्याचा सराव वाचनाच्या कामी येतो तो असा.

मग जोडशब्द. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि शाळेत तो सर्वांत घाईने उरकला जातो. 'आज घंटागाडी आली नाही' एवढं द्या आणि चार वेळा पूर्ण करायला सांगा.

आज घंटागाडी आली नाही, *कारण* रस्ता खणलाय.
आज घंटागाडी आली नाही, *म्हणून* डबा भरून वाहिला.
आज घंटागाडी आली नाही, *पण* उद्या येणार आहे.
आज घंटागाडी आली नाही, *तरी* आजी डबा घेऊन दारात उभी आहे.

'कारण' आलं की मूल मागे बघतं, 'म्हणून' आलं की पुढे. 'तरी'साठी अपेक्षा मोडावी लागते, ते सगळ्यांत अवघड. काही मुलं बराच काळ 'तरी'च्या जागी 'म्हणून' वापरतात, आणि नेमकी तीच मुलं धड्यात 'तरी' आला की अर्थ चुकवतात. इतिहास असो की विज्ञान, पुढच्या इयत्तांतली सगळी विचारांची साखळी याच चार-पाच शब्दांवर उभी असते.

शब्दांच्या पट्ट्या करून वाक्य जुळवणंही चांगलं. 'आजीने, मला, चांगली, भाकरी, दिली' अशा पट्ट्या द्या. मराठीत 'मला आजीने' आणि 'आजीने मला' दोन्ही चालतं. कुठे काय उठून दिसतं, ते मुलालाच विचारा. मग 'भाकरी'ची पट्टी काढून 'लाडू' ठेवा. 'चांगली लाडू दिली' हे कानाला लगेच खटकतं आणि मूल स्वतः 'चांगला', 'दिला' करतं. लिंगाचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

2010 मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि मायकेल हेबर्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं, की वाचलेल्या मजकुराविषयी मुलांनी लिहिलं, तर तो मजकूर त्यांना जास्त समजतो. आणि वाक्यरचना शिकवल्याने वाचनही सुधारतं. लहान मुलासाठी यातलं सोपं रूप म्हणजे गोष्ट संपल्यावर एक वाक्य. 'शेवंताने काय केलं आणि का?' एवढ्याचं उत्तर, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत. पुस्तक मिटणं महत्त्वाचं; उघडं असलं की पुन्हा ओळ उतरते. 'माझा आवडता प्राणी'वर गाइडमधल्या दहा ओळी पाठ केलेलं मूल 'गाय हा उपयुक्त पशू आहे' असं बिनचूक लिहितं, पण गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यावर एक वाक्य मागितलं, तर अडतं. मला त्या दहा ओळींपेक्षा ते एक वाक्य हवं आहे.

चूक कुठली आधी धरायची

समजा, मुलाने लिहिलं: "आजीन मला भाकर दीली ती लय गरम होती मी फूकून खाली"

लाल पेनाने पाच-सहा गोल सहज होतील. ते पाहून मूल पुढच्या वेळी छोटं, बिनधोक वाक्य लिहील: 'आजी चांगली आहे.' म्हणून आधी मजकुराला उत्तर द्या: "एवढी गरम? जीभ भाजली का?" मग त्याला ते मोठ्याने वाचू द्या आणि आवाज कुठे थांबतो ते विचारा. पूर्णविराम तिथे. मग एकच चूक निवडा, अर्थ बदलणारी. 'मी फुंकून खाली' म्हणजे कुठे खाली? 'खाल्ली' मध्ये ल ला ल का हवा, हे मुलाला हसत हसत पटतं. 'दीली'ची वेलांटी पुढच्या आठवड्यात.

आणि 'भाकर' किंवा 'लय' या चुका नव्हेत. 'मले भूक लागली' हे पूर्ण, बांधेसूद वाक्य आहे. ते तसं लिहू द्यावं आणि शेजारी 'मला भूक लागली' लिहून पुस्तकात असं असतं, एवढं सांगावं. घरची बोली चुकीची ठरवली, तर मूल बोलायचं थांबतं, आणि ज्यातून वाक्य यायचं तो झराच आटतो.

अडतंय कुठे, हे कसं ओळखायचं

मूल मागे राहतंय असं वाटलं, तर घरीच एक साधी तपासणी करता येते. त्याच्या इयत्तेची, न वाचलेली छोटी गोष्ट त्याला वाचायला द्या आणि मिरच्यांसारखे प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तितकीच अवघड दुसरी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकून समजतं पण वाचून नाही, तर अडचण लिपीकडे आहे. अक्षरगट, स्वरचिन्हं, पुन्हा पुन्हा वाचन यांवर भर द्या. ऐकूनही समजत नाही, तर अक्षरं घोटून उपयोग नाही. गप्पा, गोष्टी, अनुभव आणि शब्द वाढवायला हवेत. दोन्ही ठिकाणी उत्तम जमतं पण लिहिताना हात थांबतो, तर काही दिवस तुम्ही लिहा, त्याला बोलू द्या.

डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. फळा नीट न दिसणारं मूल तसं सांगतंच असं नाही. आणि तिसरीनंतरही, नियमित सराव असूनही, मूल साधे शब्द वाचताना सारखं अडखळत असेल, कालचा शब्द आज नवा वाटत असेल, पण तोंडी हुशार असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे तपासणीनंतर शाळेत आणि परीक्षेत सवलती मागता येतात. तपासणीला जाताना मुलाच्या स्वतः लिहिलेल्या वह्या सोबत न्या, फळ्यावरून उतरवलेल्या नकोत. आणि ऐकून किती समजलं, वाचून किती समजलं, याची तुमची नोंदही दाखवा.